परत आलेला फोटो

संगमनेर तालुक्यात, आणि वर पार अकोले तालुक्याच्या डोंगरापर्यंत धरलं तरी, कानिफ फोटो स्टुडिओतून गेलेला फोटो कुणी परत आणून दिलाय असं झालेलं नाही. चौतीस वर्षं झाली. बारशाचे, दहावीचे, साखरपुड्याचे, दूध सोसायटीच्या चेअरमनचे, वारलेल्या माणसांचे, कुठलाही घ्या, माझ्या हातातून सुटला की भिंतीला लागलाच. हे मी पुण्याला, व्हिसाच्या ऑफिसात, खिडकीमागच्या मुलीला सांगतच होतो, तेवढ्यात तिनं माझा फोटो दोन बोटांत धरला, काचेला लावून माझ्या तोंडाशेजारी आणला, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं बघितलं, आणि खालच्या फटीतून फोटो परत सरकवला. "सर, हे तुम्ही नाही." चिडून नाही, आवाज चढवून नाही. पेनातली शाई संपलीय म्हणावं तसं. मी म्हटलं, मीच आहे. ती म्हणाली, "ह्यांचा रंग बघा ना सर." ह्यांचा! फोटोतल्या माझ्याबद्दल ती बोलत होती एखाद्या गोऱ्या पाहुण्याबद्दल बोलावं तशी, आणि मी त्याची फाईल धरायला आलेला माणूस. शेजारच्या खिडकीतून माझी बायको छबू हिची फाईल तर केव्हाच आत गेली होती. तिचा फोटो काढला होता अमजदनं. अमजद म्हणजे माझ्या स्टुडिओला भिंत लागून ज्याचं 'अल्मास झेरॉक्स' आहे तो. आधार, पॅन, लॅमिनेशन, आणि स्टुलामागं पांढरी चादर लावून मोबाईलवर पासपोर्ट फोटो. चादरीची इस्त्रीची घडी फोटोत दिसते. त्या घडीसकट अमजदचा फोटो जर्मनीला पसंत, आणि माझा परत.

तिथंच कोपऱ्यात पडदा लावलेलं फोटोचं मशीन होतं. छबू म्हणाली, "बसा की त्या पडद्याआड. दोन मिन्टाचं काम हाय." पण मी स्वतः फोटोग्राफर. दाढी करायला न्हावी कधी दुसऱ्याच्या दुकानात बसतो का? (बसतो, हे मला नाशिकच्या गाडीत आळेफाट्याला आठवलं. बसावंच लागतं.) मी म्हटलं, घरी जाऊन नवा काढून आणतो. मुलीनं पुढच्या गुरुवारची तारीख दिली आणि सांगितलं, त्याच्यानंतरची तारीख मागाल तर तुमच्या प्रवासाच्या दिवसापर्यंत काही व्हिसा हातात पडत नाही. म्हणजे गुरुवारी फोटोतला माणूस मीच निघालो पाहिजे, नाहीतर मोनिकाच्या सत्काराला छबू एकटी. मोनिका आमची मुलगी, एकुलती. जर्मनीतल्या एका लहान शहरात दवाखान्यात नर्स आहे. त्या शहराचं नाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही. तिकडची भाषा शिकून, परीक्षा देऊन, ती आता तिथली पक्की नर्स झालीय, आणि गावाचा नगराध्यक्ष तिला आणि आणखी दोघींना सगळ्यांसमोर कागद देणार आहे.

गाडीत छबू खिडकीला डोकं लावून झोपली आणि मी त्या फोटोकडं बघत बसलो. चांगलाच होता. कंप्युटरवर माझी मात्रा ठरलेली असते. नवऱ्याला उजेड तीन पॉइंट, नवरीला पाच, पुढाऱ्याला तो मागेल तेवढा, वारलेल्याला एक, कारण तो तक्रार करत नाही. स्वतःला मी सहा दिला होता. निर्यातीचा माल म्हणून सहा. त्याला कारण होतं. दोन महिन्यांमागं मोनिकाचा फोन आला, "पप्पा, एक गंमत सांगू?" म्हणे वॉर्डात एक म्हातारी आहे, तिला ही उठवून बसवायला गेली, तर म्हातारी म्हणाली, तुझे हात नकोत, दुसरी कुणी पाठव. "मग?" मी विचारलं. "मग काय, दुसरी पाठवली. ती केरळची निघाली, माझ्याहून काळी!" आणि पोरगी अशी हसली की फोन तोंडापासून लांब गेला. छबूपण हसली. मी हसलो, पण ते तोंडानं. ज्या हातांना मी पाटीवर अ काढायला शिकवलं ते हात कुणीतरी नको म्हणालं. मग मी मोबाईलवर बघायला लागलो. रेल्वेत आपल्या माणसाला ओरडणारी बाई, दुकानात आपल्या माणसावर थुंकणारा माणूस, तुमच्या देशात जा, जा, जा. मोबाईलला माझी भीती कळली आणि तो ती रोज सकाळी ताजी आणून द्यायला लागला, दूधवाल्यासारखा. मला माराची भीती नव्हती. चौतीस वर्षं बसस्टँडसमोर दुकान आहे, शिव्या मी जेवणासारख्या खाल्ल्यात. भीती एकच होती, की तिकडं कुणीतरी मला काहीतरी म्हणेल, मला ते कळणार नाही, आणि शेजारी उभ्या असलेल्या मोनिकाला कळेल. मग ती खोटं सांगेल, पप्पा, तो वेळ विचारत होता. आणि मी त्याला घड्याळ दाखवीन. हे घड्याळ दाखवणं मला रोज दिसायचं. म्हणून ठरवलं, तिकडं जाताना जेवढं कमी काळं जाता येईल तेवढं कमी काळं जायचं.

पण ती मुलगी फोटो तोंडाशेजारी धरत होती तेव्हा मला पुण्याची काच दिसतच नव्हती. मला दिसत होते कोपरगावचे एक मामा. आता सांगतोच, फोटो आधी एकदा परत आला होता. तेव्हा कंप्युटर नव्हता. निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवायची, जिथं पेन्सिल फिरली तिथं कागदावर उजळ येतं. हे कसब मला होतं. टोक असं करायचो की मुंगीला काजळ घालता आलं असतं. अकोल्याकडचे एक शेतकरी मुलीला घेऊन आले, स्थळ आलंय म्हणाले, फोटो चांगला काढा. मुलगी सावळी. सावळी पण नाही, काळी, पावसाळ्यात भंडारदऱ्याचा दगड असतो तशी काळी आणि तुकतुकीत. मी दोन दिवस पेन्सिल चालवली. इतकं काम मी कुणासाठी केलं नव्हतं. फोटो बघून कोपरगावची मंडळी जीप करून आली, पोहे खाल्ले, आणि मुलाच्या मामांनी खिशातून फोटो काढून मुलीच्या तोंडाशेजारी धरला. "ही ती मुलगी न्हाई." झालं. चौथ्या दिवशी तिचे वडील स्टुडिओत आले, फोटो काउंटरवर ठेवला, टोपी सारखी केली आणि गेले. मी पंधरा दिवस तो फोटो बघितला. मग आईला घेऊन त्यांच्या घरी गेलो, मुलगी मागायला. सगळ्या नात्यात माझं कौतुक झालं, पोरानं उपकार केले म्हणून. ते छबूच्या कानावर गेलं. लग्नानंतर चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "उपकार न्हाई हां. नुकसानभरपाई हाय ती." तेव्हापासून आजपर्यंत ती माझ्या कॅमेऱ्यापुढं बसलेली नाही.

शुक्रवारी सकाळी मी स्टुडिओचं शटर अर्धं ओढलं आणि स्वतःचा फोटो काढायला बसलो. आता ह्यात काय अवघड आहे, असं वाटलं. स्टुल ठेवलं, टायमर लावला, बसलो. निघालेला माणूस गोरा. मग ध्यानात आलं की माझे दिवेच तसे लावलेत. दोन दिवे विझवले. तरी गोरा, कारण कॅमेऱ्यातच ती मात्रा मी भरून ठेवलीय. ती काढली. तरी गोरा, कारण कंप्युटरवर फोटो उतरला की तो आपसूक दोन पॉइंट चढवतो, मीच त्याला तसं शिकवलंय. माझ्या स्टुडिओत काळा माणूस आत येऊ शकतो, पण फोटोतून बाहेर पडू शकत नाही, अशी सगळी व्यवस्था मी हातानं उभारलेली. शनिवारी सगळं बंद केलं आणि एक फोटो आला. पडद्यावर एक दांडगा काळा माणूस, नाकाच्या बाजूला खड्डे, कपाळ पाटीसारखं, माझ्याकडंच बघतोय. मी दचकून मागं सरकलो, तर मागच्या स्वित्झर्लंडच्या पडद्यावर आपटलो आणि बर्फाच्या डोंगरासकट खाली आलो. ढोपर सोललं. पुन्हा खुर्चीवर बसलो तर उजवा हात माझ्या आधीच कामाला लागला होता, दोन पॉइंट, तीन पॉइंट. मी बघत राहिलो. हात ओळखीचा, पण ऐकत नव्हता. रविवारी छबूनं सोललेल्या ढोपराला हळद लावली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मी एकलीच जाते. तुमचा त्यो फोटो द्या माझ्यापाशी, पोरीच्या भिंतीला लावू. तसाबी तिकडचाच दिसतोय त्यो."

सोमवारी अमजद चहा घेऊन आला. त्याला पुण्याची हकीकत छबूनं सांगितलेली होतीच, आणि त्याला ती अंगाला तेल लावल्यासारखी मानवली होती. "कानिफभाऊ, फोटोचं जाऊ द्या. तुमची खरी तयारी झालीय का? तुम्ही जन्मात पहिल्यांदा कमी लोकांत चाललात. आपले थोडे, त्यांचे जास्त. सवय लागते त्याला. क्लास लावा माझ्याकडं." मी म्हटलं, लाव. त्यानं बशीत चहा ओतला. "पहिला नियम. नाव विचारलं की सांगायचं, पण सांगताना समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं न्हाई. नाव सांगून झालं की एक सेकंद जातो बघा मधे. तो सेकंद दुसरीकडं बघून काढायचा. भिंत बघा, पंखा बघा. दुसरा नियम. चूक कुणाची का असेना, रस्त्यात पहिला आवाज आपला नको." "आणि तिसरा?" "तिसरा लई अवघड. जे होतंय ते सगळं आपल्या नावामुळं, रंगामुळंच होतंय असं धरून चालायचं न्हाई. एखादा माणूस नुसताच खडूस असतो. आता हा खडूस का तसला, हे कळत न्हाई, म्हणून दिवसभर डोकं दुखतं. त्याच्यावर गोळी निघालेली न्हाई अजून." मी हसत हसत विचारलं, एवढं सगळं शिकलास कुठं रे तू? कुठं परदेशात गेला होतास? अमजदनं बशी खाली ठेवली. "कुठं जायचंय? हितंच. बसस्टँडपासनं अर्ध्या किलोमीटरात."

तो गेला आणि तो सेकंद माझ्याजवळ राहिला. तो मला माहीत होता. मी तो दिलेला होता. तीन वर्षांमागं अमजदचा पुतण्या सलमान, कॉलेजवर नवीन लागलेला, माझ्या घराची वरची खोली विचारायला आला. मी आधी जिन्यातच सगळं कबूल केलं होतं, पाणी चोवीस तास, वारा मस्त. मग नाव विचारलं. तो अमजदचा पुतण्या आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यानं नाव सांगितलं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो, तो मात्र जिन्याच्या कठड्याकडं बघत होता. मला तेव्हा वाटलं, पोराला कठडा आवडलेला दिसतोय. मग मी म्हटलं, अरे हो, ती खोली कालच दिली की. ती खोली पुढं आठ महिने रिकामी होती. नंतर मी तिच्यात जुने पडदे ठेवले. अमजदनं हे कधी काढलं नाही. रोज चहा आणला. आणि मी मोबाईलवर बघत बसायचो की परदेशात लोक आपल्या लोकांशी कसे वागतात, आणि चुकचुकायचो, काय दिवस आलेत म्हणून.

मंगळवारी मोनिकाचा फोन आला. "झाला का फोटो?" मी म्हटलं, होतोय. "पप्पा, माझा एक तरी फोटो तुम्ही तसाच ठेवलाय का हो? बालवाडीपासनं सगळे धुतलेले. मी शाळेत असताना भिंतीवरच्या फोटोवर जळायचे, माहितीय? मला वाटायचं, तुम्हाला ती पाहिजे होती आणि मी आले." मी म्हटलं, अगं, चांगले दिसावेत म्हणून. "हो, माहितीय. पण आता एक ऐका. त्या दिवशी सगळ्यांचे आईबाप येणारेत. मला शेजारी माझ्यासारखं दिसणारं कुणीतरी पाहिजे. गोरी माणसं इथं पुष्कळ आहेत." एवढं बोलून ती ड्यूटीवर गेली. माझ्या कानाला फोन तसाच. समोर भिंतीवर बालवाडीतली मोनिका, पाच पॉइंट, लोण्याच्या गोळ्यासारखी. मी तिच्याकडं नीट बघितलं आणि मला मनापासून वाटलं, ही कोण?

उठलो ते चपलासुद्धा न घालता 'अल्मास झेरॉक्स'मध्ये. दुकानात दोन-तीन गिऱ्हाईकं होती. त्यांनी बघितलं, कानिफ फोटो स्टुडिओचा मालक अमजदच्या स्टुलावर जाऊन बसला. बघू दे. "काढ," मी म्हटलं. अमजदनं मोबाईल पुसला. "मान सरळ. दात न्हाई दाखवायचे, जर्मनीला हसणं चालत न्हाई." खट्. त्यानं स्क्रीन बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि तोंड अगदी साधं ठेवून म्हणाला, "उजेड वाढवू का जरा?" मी म्हटलं, "हात लावून तर बघ." तेव्हा तो जो हसला, ते गिऱ्हाईकांना कळलं नाही, मला कळलं. कागद मशीनमधून इंच इंच बाहेर आला, आधी केस, मग कपाळ, मग मी. नाकाजवळचे खड्डे, उन्हानं भाजलेली मान, मागं चादरीची घडी. शनिवारी ज्याला बघून मी पडलो होतो तोच माणूस, पण आज तो मला परका वाटेना. भक्कम होता. कुणी ढकललं तर हलणार नाही असा. मला एकदम माझा अभिमान वाटला, तोही फुकट, काहीच न करता. त्या भरात मी अमजदला सगळं बोलून टाकलं, खोलीचं, सेकंदाचं, कठड्याचं. "सलमानला सांग, वरची खोली त्याची. आजपासनं." अमजद कात्रीनं फोटो कापत होता. "त्यानं नाशिकला घर बांधलं, कानिफभाऊ. आता तोच खोल्या भाड्यानं देतो." चारही फोटो पाकिटात घातले. "विचारू का तुमच्यासाठी?"

गुरुवारी तीच खिडकी, तीच मुलगी. फोटो दोन बोटांत धरला, काचेला लावला, माझ्या तोंडाशेजारी आणला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "हं," ती म्हणाली आणि शिक्का मारला. मला वाटलं, तिला सांगावं, पुन्हा एकदा म्हणा. चौतीस वर्षांत माझ्या कुठल्याच फोटोला कुणी असं 'हं' म्हटलं नव्हतं. वा वा म्हटलं होतं, ते वेगळं. बाहेर आल्यावर छबू म्हणाली, "चालताय कसं बघा, आमदार झाल्यावानी." मी तसाच चाललो.

आणि तसाच मी तिकडं पोचलो. विमानतळावर पोलिसानं फोटो बघितला, मला बघितलं, फोटो बघितला, मला बघितलं. अमजदचा पहिला नियम मी तिथंच मोडला. सरळ त्याच्या डोळ्यांत बघत उभा राहिलो. त्यानंच आधी डोळे खाली घेतले आणि शिक्का मारला. ट्राममध्ये माझ्या शेजारी बसलेला एक माणूस उठून लांब जाऊन बसला. खडूस का तसला? मी डोकं दुखायची वाट बघत होतो, तेवढ्यात छबूनं त्या रिकाम्या सीटवर चिवड्याची पिशवी ठेवली. "बरं झालं बाई, मांडीवर घेऊन पाय आखडले हुते." मोनिका ओठ चावून हसत होती. मला कुणी वेळ विचारली नाही. सत्काराच्या हॉलमध्ये नगराध्यक्षांनी कागद दिला, लोक उठून टाळ्या वाजवायला लागले, आणि मोनिका स्टेजवरून खाली आली ती सरळ आमच्या दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. तिथल्या पेपरची फोटोग्राफर बाई आली. मी मोनिकाकडून तिला निरोप दिला, की ताई, धंद्यातला माणूस म्हणून विनंती करतो, रंगाला हात लावू नका. बाईला ते कळेचना. "ती विचारतेय, का लावू?" मोनिका म्हणाली. मग छबूनं, लग्नाच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्यासोबत, कॅमेऱ्याकडं तोंड करून पदर सारखा केला, आणि मी छाती काढली.

दुसऱ्या दिवशी पेपरात अर्धं पान भरून तो फोटो आला. आम्ही तिघं, एका रंगाचे, एका नाकाचे, मागं सगळा गोरा हॉल धूसर. इतका चांगला फोटो मी जन्मात काढला नाही. दुकानात होत्या तेवढ्या सगळ्या प्रती मी उचलल्या, एक अमजदला, एक स्टुडिओच्या काचेत लावायला, बाकीच्या नातेवाइकांना. छबू एक प्रत मांडीवर घेऊन स्वतःकडं बघत बसली होती. "बरी दिसतीया की मी," ती म्हणाली. मी मोनिकाला विचारलं, खाली बारीक अक्षरात काय छापलंय? तिनं पेपर हातात घेतला आणि वाचून दाखवलं. नर्स मोनिकाच्या सत्कारासाठी तिचे आईवडील खास श्रीलंकेहून आले होते.